लहान मुलांबरोबर घरची उपासना: तुमच्याकडे कशी होते?

पुणेरी_आई:

सर्वांना सलाम.

मोठी मुलगी सहा वर्षांची, धाकटा तीनचा. मी नगरकडची, सीएनआय ह्या प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेली. नवरा वसईचा, कॅथलिक. रविवारी आळीपाळीनं दोन्हीकडे जातो. ह्यावरून आमच्यात वाद नाही आणि इथंही तो नको. मला विचारायचंय ते घरातल्या संध्याकाळबद्दल.

माझं मत आधीच सांगते. मुलांचा विश्वास रविवारच्या तासाभरावर सोपवून आईबापांना मोकळं होता येत नाही. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा आहे ती घरी बसलेले असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोलत राहण्याची. म्हणजे भाजी निवडताना, रिक्षात, आंघोळीचं पाणी काढताना. माझ्या आजीकडे दिवेलागणीला सगळे चटईवर बसायचे, आजोबा पेटी घ्यायचे, रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन, एक स्तोत्र, प्रार्थना आणि मग जेवण. तेवढ्या पाव तासानं आम्हा भावंडांना जे दिलं ते पुढं कुठल्याही शिबिरात मिळालं नाही. तेच माझ्या मुलांना मिळावं असं फार मनापासून वाटतं.

पण आमच्या घरात संध्याकाळी साडेसातला एक जण ऑफिसातून येत असतो, दुसरा कुकर लावत असतो, मुलगी गृहपाठात आणि धाकटा सोफ्यावरून उड्या मारत. डोळे मिटा म्हटलं की तो ताईचे डोळे उघडून बघतो. सासूबाई येतात तेव्हा त्यांना पाच दशकांची, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांची, पूर्ण जपमाळ हवी असते. तिसऱ्या दशकापर्यंत मुलगी आडवी होते.

त्यात मुलीचे प्रश्न. प्रभूची प्रार्थना म्हणताना आई 'कारण राज्य, पराक्रम व गौरव' असं पुढं म्हणते आणि बाबा आधीच थांबतात, ते का? शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या वर्गात, 'आईबापांचा मान राख' ही पाचवी आज्ञा शिकवली, आजी म्हणते चौथी. खरी कुठली? वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, तू ख्रिश्चन आहेस, मग घरी मराठी कशी बोलतेस? ह्यावर ती दोन दिवस गप्प होती.

आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. एवढ्याशा मुलांना क्रूसाबद्दल किती सांगावं?

तुमच्या घरी काय चालतं ते सांगा. आदर्श काय असावं हे नको, खरोखर काय होतं ते हवंय.


राहुरीकर:

ताई, सलाम. आमच्याकडे उपासनेचा बराचसा भाग घराबाहेरच होतो.

दिवाळीनंतर आमच्या भागात धनगरांचे कळप उतरतात. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात, बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. आमच्याही रानात बसतात. पोराला मी संध्याकाळी तिकडं घेऊन जातो. मेंढरं जाळीच्या आत घेताना धनगर एकेक करून मोजतो. लंगडणारं असेल त्याचा पाय बघतो. नुकतं जन्मलेलं कोकरू दिवसभर त्याच्या नाहीतर त्याच्या बायकोच्या कडेवर असतं. पोरानं त्याला विचारलं, एवढ्यातलं एक हरवलं तर तुम्हाला कळतं कसं? तो म्हणाला, तोंडावरून. तुला तुझे दोस्त ओळखू येतात की नाही?

त्या रात्री मी लूकच्या पंधराव्या अध्यायातली शंभर मेंढरांची गोष्ट सांगितली. नव्याण्णव रानात ठेवून तो एकाच्या मागं का गेला, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. तेविसावं स्तोत्रही पाठ करून घ्यावं लागलं नाही, रोज म्हणता म्हणता आलं. मेंढपाळ, हिरवं कुरण, संथ पाणी, काठी, हे सगळं त्यानं बघितलेलं होतं.

शहरातल्या मुलांना हे दाखवणं अवघड नाही. पुणे-नगर रस्त्यावरसुद्धा कळप दिसतात. गाडी थांबवा, उतरा, धनगराशी बोला. पवित्र शास्त्र हे शेतीवाल्या आणि मेंढरंवाल्या लोकांमध्ये घडलेलं आहे. पेरणारा, निदण, मोहरीचा दाणा, अंजिराचं झाड, द्राक्षमळा. आपल्या महाराष्ट्रात ह्यातलं जवळपास सगळं डोळ्यांनी दिसतं. नाशिकला द्राक्ष आहे, पुरंदरला अंजीर आहे. आपल्या पोरांचं हे भाग्य आहे, ते वाया का घालवायचं?


शब्बाथशाळा_बाई:

राहुरीकरांशी शंभर टक्के सहमत. मी बरीच वर्षं लहान वर्ग घेते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तीन वर्षांच्या मुलाला शांत बसवणं हे उपासनेचं उद्दिष्ट ठेवू नका. त्याचं शरीर अजून बसायला तयार नाही. त्याला काम द्या. चटई तो अंथरेल, पुस्तक तो आणेल, 'आमेन' तो मोठ्यानं म्हणेल. गाण्याला टाळी असू दे, झांज असू दे. माझ्या वर्गात सर्वांत चळवळ्या मुलाकडे झांज असते आणि तोच ठेका सर्वांत नीट धरतो.

वेळ पाच ते सात मिनिटं. एक गीत, एक लहान गोष्ट, एक प्रार्थना. गोष्ट रोज नवी नको. लहान मुलांना तीच ती गोष्ट हवी असते आणि एक शब्द बदलला तरी ती तुम्हाला अडवतात. महिनाभर एकच गोष्ट सांगा. नोहाचं तारू झालं की दुसऱ्या महिन्यात लहान शमुवेल.

साडेसातचा हट्ट सोडा. दिवेलागणीची वेळ आजोबांच्या घराला सोयीची होती, कारण त्या घरात त्या वेळेला सगळे परतलेले असायचे. तुमचे सगळे कधी एकत्र असतात? जेवणाच्या पानावर? मग तिथं करा. अंथरुणात? तिथं करा.

आता मुलीचे प्रश्न. ती विचारतेय ही फार चांगली गोष्ट आहे, टाळू नका. प्रभूची प्रार्थना मत्तयच्या सहाव्या आणि लूकच्या अकराव्या अध्यायात आहे. लूकमधली लहान आहे. 'कारण राज्य' हे शेवटचं वाक्य मत्तयच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही, पण ख्रिस्ती लोक फार पूर्वीपासून ते म्हणत आले आहेत. प्रॉटेस्टंट मंडळ्या ते प्रार्थनेला जोडून म्हणतात. कॅथलिक मिस्सामध्येही, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या उपासनेत, ते आहे, फक्त मध्ये धर्मगुरूंची एक प्रार्थना होते आणि मग लोक ते म्हणतात. तिला सांगा की बाबा थांबतात, पण त्यांच्या चर्चमध्ये थोड्या वेळानं तेच म्हटलं जातं. पुढच्या वेळी मिस्साला गेलात की तिला ते वाक्य शोधायला लावा. कान टवकारून बसेल.

आज्ञा दहाच आहेत, मोजण्याची पद्धत दोन प्रकारची. मूर्ती न करण्याची आज्ञा आपण दुसरी म्हणून वेगळी मोजतो, कॅथलिक ती पहिलीतच धरतात. म्हणून पुढचे आकडे एकानं सरकतात. शेवटी लोभाची आज्ञा आपण एक मोजतो, ते दोन मोजतात, आणि दोघांचेही दहा पूर्ण होतात. सहा वर्षांच्या मुलीला कागदावर दोन रांगा काढून दाखवलं तर नक्की कळेल. आणि आईबापांचा मान दोन्ही रांगांत आहे हे तीच तुम्हाला दाखवेल.


वसईचा_बाबा:

वहिनी, सासूबाईंच्या बाजूनं दोन शब्द बोलतो.

आमच्या लहानपणी संध्याकाळी चर्चची घंटा झाली की खेळ बंद, पाय धुऊन जपमाळेला. वसईच्या गावांत हा नियम घराघरांत होता. त्यामागं मोठी गोष्ट आहे. व्हॅटिकनची दुसरी परिषद 1962 ते 1965 मध्ये झाली. तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये असायची. आमच्या आज्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यांना समजणारी प्रार्थना घरात होती, आईनं शिकवलेली, ओट्यावर बसून म्हटलेली. त्यामुळे सासूबाईंना जपमाळ अर्धवट सोडवत नाही. त्यांच्या आईचा आवाज त्यात आहे.

पण मुलांसाठी आम्ही एक दशक करतो. दहा मण्यांचं एकच, आणि ते मुलं चालवतात. मोठी 'नमो मरिया'चा पहिला भाग म्हणते, आम्ही सगळे दुसरा. धाकट्याच्या हातात मोठ्या लाकडी मण्यांची माळ, तो मणी सरकवतो. प्रत्येक दशकाला येशूच्या किंवा मरियेच्या जीवनातला एक प्रसंग असतो, तो आधी दोन वाक्यांत सांगायचा. आणि त्या दशकात कोणासाठी प्रार्थना करायची ते मुलं ठरवतात. आजारी मित्र, शाळेतली बाई, गल्लीतली कुत्री. कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा आठवडाभर तीच होती.

उरलेली चार दशकं आजी नंतर शांतपणे म्हणते आणि मुलं तिच्या शेजारी झोपतात. सासूबाईंना असं सुचवून बघा. त्यांना आनंदच होईल.


मिरजेचे_आजोबा:

सर्वांचे विचार वाचले. मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या आवारात वाढलो. डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या त्या संस्थेत माझे वडील कंपाउंडर होते. आमच्या घरी पहाटे प्रार्थना असे आणि ती झाल्याशिवाय चहा मिळत नसे. आम्ही सहा भावंडे होतो. कोणी हलत नसे.

आजकाल मुलांच्या कलाने घेण्यावर फार भर दिला जातो. मला त्याची काळजी वाटते. मूल लहान असतानाच त्याला कळले पाहिजे की दिवसात एक वेळ अशी आहे की जी आपल्या मर्जीवर चालत नाही. ती देवाची वेळ आहे. नीतिसूत्रांत स्पष्ट म्हटले आहे की जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी. मी मारण्याचे समर्थन करत नाही, परंतु धाक हवा. पाच मिनिटांची उपासना, अंथरुणात उपासना, अशाने उद्या ती उरणारच नाही.


नाशिकची_नवी_आई:

आजोबा, तुमचा पूर्ण मान ठेवून वेगळं मत मांडते.

माझ्या माहेरी धाक होता. प्रार्थनेत हसलं की चापट. माझे दोन्ही भाऊ आज चर्चला जात नाहीत. मोठा मला म्हणाला, प्रार्थना म्हटलं की मला अजून वडिलांचा हात आठवतो. त्याच पवित्र शास्त्रात पौल इफिसकरांना लिहितो, बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैकरांनाही तेच लिहितो, मुलं खिन्न होऊ नयेत म्हणून. एकाच प्रेषितानं दोन पत्रांत बापांनाच उद्देशून हे लिहिलंय.

मुलगी माझी चार वर्षांची आहे. तिनं देवाला बाबांसारखं समजावं असं आपण म्हणतो. मग बाबा कसे वागतात ते आधी महत्त्वाचं नाही का?


राहुरीकर:

काठीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. धनगराच्या हातात काठी दिवसभर असते. ती कशासाठी वापरतो ते आम्ही नीट बघितलंय. बाभळीची फांदी वाकवून शेंगा पाडायला, कुत्रं-लांडगं हाकलायला, ओढा ओलांडताना पाण्याची खोली बघायला, आणि वाट सोडणाऱ्या मेंढराला बाजूनं हलकंच वळवायला. मारताना मी त्याला पाहिलं नाही. मार खाल्लेलं मेंढरू पुढच्या वेळी हाकेला येत नाही, असं तो म्हणाला. दावीद स्वतः मेंढपाळ होता. काठी मला धीर देते असं त्यानं म्हटलंय ते ह्याच अर्थानं असणार.

पण आजोबांचा मुद्दा मला पटतो. नियम पाहिजे. आमच्याकडे पाच मिनिटं असली तरी ती चुकत नाहीत. पाहुणे असोत, मॅच असो, दिवसभराची भांगलण झालेली असो.


मिरजेचे_आजोबा:

बेटा नाशिकची आई, तुझ्या भावाचे वाचून वाईट वाटले. त्याच्यासाठी प्रार्थना करीन. चापट मारून प्रार्थना शिकवता येत नाही हे मान्य. नियमाबद्दल मात्र माझे मत तेच आहे, आणि राहुरीकरांनी ते माझ्यापेक्षा चांगले मांडले.


नाशिकची_नवी_आई:

धन्यवाद आजोबा. 🙏

ह्याच धाग्यात आणखी एक विचारू का? आमच्या सोसायटीत गणपती बसतो. लेकीच्या सगळ्या मैत्रिणी आरतीला असतात. ती खाली खेळायला गेली की कोणीतरी हातावर मोदक ठेवतं. माझ्या सासरचे म्हणतात अजिबात घ्यायचा नाही. चार वर्षांच्या मुलीला मी हे कसं समजावू? आणि शेजारी आमचे फार चांगले आहेत, नाताळात आमच्या करंज्या आणि चकल्या सगळ्यांकडे जातात आणि प्रेमानं खाल्ल्या जातात. त्यांना दुखवायचं नाहीये.


मिरजेचे_आजोबा:

मूर्तीला वाहिलेले खाऊ नये असे प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात आहे. आमच्या घरात आम्ही ते पाळले आणि शेजाऱ्यांनी कधी वाईट वाटून घेतले नाही. हात जोडून नम्रपणे 'आम्ही घेत नाही' म्हटले की लोक समजून घेतात. मिरजेत आम्ही सर्व धर्मांच्या लोकांत राहिलो. मोहरमला, गणपतीला शेजाऱ्यांना पाणी वाटायला आमची मुले असत. प्रसाद घेत नसत.


वसईचा_बाबा:

करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचा. पौल म्हणतो, कोणी जेवायला बोलावलं तर पुढं वाढलेलं खा, उगाच चौकशी करत बसू नका. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आणि ज्याचं मन दुबळं आहे त्याला आपल्या खाण्यानं ठेच लागू देऊ नका. म्हणजे त्यानं एक सरसकट नियम दिला नाही, समोरच्या माणसाचा विचार करायला सांगितला.

आमच्याकडे मुलांना हे सांगितलंय: शेजाऱ्यांच्या सणाला जायचं, मांडव बघायचा, काकूंना मदत करायची, आरतीच्या वेळी शांत उभं राहायचं. हात जोडून पूजा आपण करत नाही. लाडू-करंज्या घरी पाठवल्या तर खायच्या, तो शेजाऱ्यांचा फराळ. मूर्तीसमोरचा प्रसाद असेल तर 'काकू, आम्ही घेत नाही, थँक्यू' आणि हसून सांगायचं. तोंड वाकडं करायचं नाही, 'हे वाईट आहे' असं तर मुळीच म्हणायचं नाही. दुसऱ्याच्या देवाची थट्टा करणाऱ्या मुलाला मी माझ्या घरात प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणू देणार नाही.

चार वर्षांच्या मुलीनं चुकून मोदक खाल्ला तर काही बिघडत नाही. तिला रडवू नका.


शब्बाथशाळा_बाई:

वसईच्या बाबांचं शेवटचं वाक्य प्रत्येक आईनं लक्षात ठेवावं. मुलाला विश्वास कळण्याआधी भीती कळली तर ती पुसायला फार वर्षं लागतात.

उत्तम शुक्रवारचा प्रश्न राहिलाय. माझा अनुभव असा की मुलांना मरण कळतं. त्यांनी मेलेली चिमणी पाहिलेली असते, कोणाचे तरी आजोबा गेलेले असतात. त्यांना कळत नाही ते क्रौर्य, आणि ते कळायची घाईही नाही. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या मुलांना मी एवढंच सांगते: काही लोकांना येशू आवडत नव्हता, त्यांनी त्याला क्रूसावर मारलं. त्याची आई आणि मित्र खूप रडले. त्याला थडग्यात ठेवलं. आणि तिसऱ्या दिवशी तो जिवंत झाला! ही गोष्ट शुक्रवारी सांगा किंवा गुरुवारी, थडग्याशी थांबवायची नाही. मोठ्यांना शुक्रवार ते रविवार वाट बघता येते. तीन वर्षांचं मूल ते दु:ख घेऊन झोपू शकत नाही.

खिळे, काट्यांचा मुगुट, फटके हे विचारलं तरच, आणि विचारलं तेवढंच. रक्तबंबाळ चित्रपट मुलांसमोर लावू नका. दुपारी बारा ते तीनच्या उपासनेला लहान मुलांना पूर्ण वेळ बसवू नका, येशूच्या क्रूसावरच्या सात वचनांपैकी एखादं ऐकवून बाहेर आणा. माझं आवडतं तिसरं वचन. येशू क्रूसावरूनही आपल्या आईची सोय लावतो. ते मुलांना लगेच कळतं.

आणि 'तुझ्या पापामुळे येशू मेला' हे वाक्य ह्या वयात नको. माझ्या वर्गातली एक मुलगी ते ऐकून रात्री उठून आईला विचारायची, मी काय केलं होतं?


मिरजेचे_आजोबा:

बाई, सहा वर्षांच्या मुलाला पाप कळते. त्याने बहिणीची पेन्सिल लपवली की त्याचा चेहरा सांगतो. क्षमेशिवाय क्रूस सांगितला तर ती नुसती दु:खाची गोष्ट होईल. मोठ्या मुलीला सांगताना क्षमेचा भाग वगळू नये असे मला आवर्जून वाटते.


शब्बाथशाळा_बाई:

क्षमा वगळायचीच नाही आजोबा. पेन्सिलीपासूनच सुरू करायचं. ताईनं क्षमा केली, पुन्हा खेळायला घेतलं. येशूनं मारणाऱ्यांना क्षमा केली. एवढं सहाव्या वर्षी पुरेसं आहे. बाकी दृढीकरणाच्या वर्गात पाळकसाहेब शिकवतीलच.


वसईचा_बाबा:

थोडी भर. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमची मुलं उपास करायचा हट्ट धरतात. कॅथलिक नियमानुसार उपास 18 ते 59 वयाच्या लोकांना आहे आणि मांस वर्ज्य करणं 14 वर्षांपासून पुढं. लहान मुलांना दोन्ही लागू नाही. म्हणून त्यांना दुसरं सुचवतो: शुक्रवारी कार्टून नाही, किंवा चॉकलेटचे पैसे डब्यात. तो डबा ईस्टरला चर्चमध्ये द्यायचा, आणि नेताना डबा मुलांच्याच हातात असतो.


मस्कतवासी:

उशिरा आलो. मूळचा श्रीरामपूरचा, नोकरीनिमित्त ओमानमध्ये. इथं सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे आमची उपासना शुक्रवारी. आमचा मुलगा सुट्टीत गावी गेला की रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सगळे बघून गोंधळतो.

मला भाषेबद्दल बोलायचंय. इथं उपासना इंग्रजीत, शाळा इंग्रजीत, मित्र मल्याळी. मराठी उरली ती फक्त घरच्या उपासनेत. आम्ही ठरवलं की देवाशी बोलायचं ते मराठीत. मुलगा देवनागरी शिकला ती स्तोत्रसंहितेवर बोट ठेवून. रोज एक ओवी वाचायची आणि व्हिडिओ कॉलवर आजीला ऐकवायची. जोडाक्षरं त्याला 'ख्रिस्त' आणि 'स्तोत्र' मधून आली. आजी तिकडून चूक दुरुस्त करते आणि मग स्वतः एखादं भजन म्हणते. मुलाला पंचवीसेक भजनं चालीसकट येतात. अर्थ सगळा कळत नाही. मलाही लहानपणी कळत नव्हता, पण कॉलेजात असताना वडील वारले त्या रात्री तीच भजनं ओठांवर आली.

ज्यांची मुलं पुण्या-मुंबईत इंग्रजी उपासनेला जातात त्यांना हात जोडून विनंती: घरी मराठी ठेवा. आपल्या आज्यांचा विश्वास ह्या भाषेत आहे.


राहुरीकर:

आणि त्या वर्गातल्या मुलीला उत्तर द्यायलाच पाहिजे. फादर स्टीफन्स ह्या मिशनऱ्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली आणि ती 1616 मध्ये गोव्यात छापली गेली. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. नगरच्या मिशननं 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांना अख्खा महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणतो. मराठी ही आपली घरची भाषा आहे, कुणी उसनी दिलेली नाही.


वसईचा_बाबा:

आणि 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. आता ते नाहीत. पण मुलीला त्यांचा फोटो दाखवा. एक धर्मगुरू मराठी साहित्यिकांच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर बसला होता, हे तिनं बघू दे.


पुणेरी_आई:

सगळ्यांचे किती आभार मानू? नवऱ्यालाही सगळा धागा वाचून दाखवला.

आम्ही असं ठरवलंय. उपासना जेवणाच्या आधी, पानं मांडून झाल्यावर, सगळे खाली बसून. झांज धाकट्याकडे. सोमवार ते शुक्रवार एक गीत आणि एक गोष्ट, शनिवारी एक दशक, आणि सासूबाई असतील तेव्हा रोज एक दशक त्यांच्याबरोबर. त्यांना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, मण्यांची मोठी माळ मी घेऊन येते, वसईतल्या पापडीच्या घरात पडून आहे.

दोन रांगांचा कागद काढला. मुलीनं दोन्ही बाजूंच्या आज्ञा रेघांनी जोडल्या आणि तो फ्रीजवर लावलाय. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, तुमच्याकडे मान राखायची आज्ञा कितवी?

टिळकांची कविता तिला शाळेत म्हणायचीय, बाईंनी परवानगी दिली आहे. निवडायला मदत करा. फुलांवरची हवी असं तिचं म्हणणं आहे.

राहुरीकर, कळप कधी उतरतात? दिवाळीच्या सुट्टीत नगरला जाणार आहोत.


राहुरीकर:

पाऊस कसा होतो त्यावर आहे. साधारण बाजरी निघाली की यायला लागतात. निघण्याआधी दोन दिवस इथं लिहा, मी रानातून विचारून सांगतो कळप कुठल्या शिवारात आहे ते. मुलांना जुने कपडे घाला आणि धनगराच्या पोरांसाठी खाऊ आणा. त्याच सुमारास आमच्या मंडळीत हंगामाचा सणही असतो. लोक बाजरी, भोपळे, कोंबड्या, कधी शेरडू अर्पण आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. जमलं तर त्या रविवारी थांबा. जेवण मंडळीतच असतं.